पायली केवढी?

१९९३-९४चा गळीत हंगाम. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी ऊसबिलाचा प्रोग्राम बसवायला गेलो होतो. पुण्यातल्या एका लहानशा संगणक कंपनीत माझी जेमतेम दोन वर्षं झाली होती. पहिल्या पंधरवड्याची बिलं छापून निघाली, शेतकी खात्याने ती गटागटांत वाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साठीच्या पुढचे एक सभासद कचेरीत येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. कोपरीच्या खिशातून त्यांनी चार वजनपावत्या काढल्या, हाताने इस्त्री केल्यासारख्या सरळ केल्या आणि माझ्यासमोर मांडल्या.

“साहेब, काट्यावर अडुसष्ट टन भरला. बिलात तीन टनसुद्धा न्हाई. बाकीचा कुठं सांडला?”

मी पावत्या पाहिल्या. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या चार खेपा : १७,२४०, १६,९८५, १७,४१० आणि १६,७८१ किलो. बेरीज ६८,४१६. बिलावर छापलं होतं २,८८० किलो. पावत्या आमच्याच संगणकातून छापलेल्या होत्या. खेपांचे चारही आकडे संगणकात जसेच्या तसे होते. फक्त त्यांची बेरीज चुकली होती. ज्या यंत्राला बेरजेशिवाय फारसं काही येत नाही, त्याने बेरीज चुकवली होती!

ज्यांचा ऊस त्या पंधरवड्यात थोडाच गेला होता, त्यांची बिलं अचूक होती. काही बिलांवर चक्क उणे वजन आलं होतं. ती कारकुनांनी ‘छपाईत गडबड’ म्हणून बाजूला काढून ठेवली होती. आणि काही मोजकी बिलं या आजोबांच्या बिलासारखी होती : दिसायला अगदी सरळ, अधिक चिन्हाची, आणि साफ खोटी. ती कोणाच्याच नजरेत भरली नव्हती. त्यांनी पावत्या जपून ठेवल्या नसत्या, तर पासष्ट टनांहून जास्त ऊस कागदोपत्री कधी तोडलाच गेला नव्हता.

गंमत म्हणजे हाच प्रोग्राम मी पुण्यात मोठमोठ्या आकड्यांवर चालवून पाहिला होता आणि तिथे तो एकदाही चुकला नव्हता. ‘सी’ भाषेत लिहिलेला तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, मी फ्लॉपीवरून इथे आणला होता. त्या रात्री कचेरीत बसून मी एक ओळीचा प्रोग्राम लिहिला. त्याने संगणकाला एवढंच विचारलं : तुझ्याकडे ‘इंट’ केवढा? उत्तर आलं, २. पुण्याला फोन करून सहकाऱ्याला तीच ओळ तिथल्या यंत्रावर चालवायला सांगितली. तिथलं उत्तर आलं, ४.

लहानपणी आमच्या दारावर धान्य विकायला कोणी आलं, की आजी भाव विचारायच्या आधी विचारायची, “पायली कुठली?” नाव एकच, पण या बाजारची पायली आणि त्या बाजारची पायली सारखी असेलच असं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वजन-मापांच्या १९५६च्या कायद्याने देशभर मेट्रिक मापं आणली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी तिची सवय सुटली नव्हती. मी अभियांत्रिकीची पदवी घेतली होती, पण आजीचा हा प्रश्न ‘इंट’ला विचारायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतरची तीस वर्षं मी यंत्राच्या अगदी जवळचे, तळाचे प्रोग्राम लिहिण्यात घालवली. या लेखात त्याच एका प्रश्नाची हकिकत मांडायची आहे.

सोळा घरं

‘इंट’ हे इंटिजर, म्हणजे पूर्णांक, या शब्दाचं लघुरूप. गणितातले पूर्णांक अनंत असतात, संगणकातले नसतात. संगणक प्रत्येक संख्येसाठी ठरावीक घरं राखून ठेवतो. प्रत्येक घरात शून्य किंवा एक बसतो. अशा एका घराला बिट म्हणतात आणि आजच्या यंत्रांत आठ बिटांचा एक बाइट होतो. दोन बाइटांचा इंट म्हणजे सोळा घरं. सोळा घरांत शून्य-एकच्या एकूण ६५,५३६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्यांतल्या निम्म्या उणे संख्यांना दिल्या, की उरतात शून्यापासून ३२,७६७पर्यंतच्या संख्या. उणे बाजूला −३२,७६८पर्यंत जाता येतं.

जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा काटा आठवा. ९९,९९९ नंतर तो पुन्हा ००,०००वर यायचा. स्कूटर एक लाख किलोमीटर चाललेली असायची, काटा मात्र ती आत्ताच शोरूममधून बाहेर पडली असं सांगायचा. सोळा घरांचा पूर्णांक तसाच गोल फिरतो. फरक एवढाच, की वर्तुळाचा अर्धा भाग उणे संख्यांचा असल्यामुळे ३२,७६७च्या पुढचं पाऊल थेट −३२,७६८वर पडतं.

आजोबांच्या दोन खेपा मिळून ३४,२२५ किलो झाल्या, तेव्हा यंत्राच्या हिशेबी ते −३१,३११ होते. चार खेपा झाल्या तेव्हा वर्तुळाची एक फेरी पुरी होऊन ६८,४१६ वजा ६५,५३६, म्हणजे २,८८० उरले. ज्यांचा ऊस बत्तीस टनांच्या आत होता त्यांना काहीच झालं नाही. बत्तीस ते पासष्ट टनांमधले उणे झाले आणि म्हणून ओळखू आले. पासष्टच्या पुढचे पुन्हा अधिक झाले आणि गर्दीत मिसळून गेले. यंत्र थांबलं नाही, घंटा वाजली नाही. बिल छापलं गेलं.

पुण्याच्या यंत्रात ३८६ जातीचा प्रोसेसर आणि त्यावर युनिक्स होतं. तिथे इंटला बत्तीस घरं होती आणि मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या वर. कारखान्यात डॉस होतं आणि तिथल्या कंपायलरचा इंट सोळा घरांचा. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. दोन्ही कंपायलर आपापल्या जागी बरोबर होते. चूक होती ती, दोघांची पायली एकच असेल, हे मी गृहीत धरण्यात.

शब्दाची लांबी

भाषा घडवणाऱ्यांनी इंटचं माप ठरवूनच का टाकलं नाही? हा प्रश्न मला बरीच वर्षं रागाने पडत असे. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते कळल्यावर राग बराच निवला.

आज सगळ्या यंत्रांत आठ बिटांचा बाइट आणि बत्तीस किंवा चौसष्ट बिटांचे पूर्णांक असतात, म्हणून ते निसर्गनियमासारखं वाटतं. १९५० आणि १९६०च्या दशकांत तसं नव्हतं. यंत्र एका वेळी जेवढे बिट उचलतं त्याला त्या यंत्राचा ‘शब्द’ म्हणतात, आणि शब्दाची लांबी ज्याची त्याची वेगळी होती. युनिव्हॅकच्या ११०० मालिकेचा शब्द ३६ बिटांचा. १९६४ साली आलेल्या सीडीसी ६६०० या महासंगणकाचा ६० बिटांचा. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६०च्या सुमारास कामाला लागला. त्याचा शब्द ४० बिटांचा होता. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आला, त्याचा ४८ बिटांचा. एकाच आवारात चार-पाच वर्षांत पायली बदलली.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्सची सुरुवात १९६९ साली पीडीपी-७ या यंत्रावर केली. त्याचा शब्द १८ बिटांचा. त्यांनी रचलेल्या ‘बी’ या भाषेत प्रकारच नव्हते. सगळं काही एक शब्द. पुढे पीडीपी-११ आलं. त्याचा शब्द सोळा बिटांचा, पण त्यात आठ बिटांचा एकेक बाइट स्वतंत्रपणे गाठता येत होता. अक्षर एका बाइटात मावतं, संख्येला शब्द लागतो, हा भेद आता भाषेलाही कळायला हवा होता. डेनिस रिची यांनी बीमध्ये प्रकारांची भर घातली आणि १९७१ ते ७३च्या दरम्यान त्यातून सी घडली. तिच्यातला इंट म्हणजे पीडीपी-११चा एक शब्द : सोळा बिट.

कसोटी आली १९७७च्या सुमारास, जेव्हा स्टीव्ह जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या बत्तीस बिटांच्या, अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेलं. एखादी संपूर्ण कार्यप्रणाली एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणं तोवर कोणी सहसा मनातही आणत नसे. नवं यंत्र आलं, की प्रणाली पुन्हा पहिल्यापासून लिहायची, अशी रीत होती. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक निघालं, त्यात चार यंत्रांची मापं शेजारीशेजारी दिली होती. पीडीपी-११वर इंट १६ बिटांचा. आयबीएम ३७० आणि इंटरडेटावर ३२. हनीवेल ६०००वर ३६, आणि तिथे अक्षरसुद्धा नऊ बिटांचं!

ते कोष्टक म्हणजेच माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. इंट म्हणजे ‘या यंत्राला जे माप सोयीचं, ते’. भाषेने बत्तीस बिटांचा हट्ट धरला असता, तर सोळा बिटांच्या यंत्राला प्रत्येक बेरीज दोन तुकड्यांत करावी लागली असती आणि छत्तीस बिटांच्या यंत्राची चार घरं प्रत्येक वेळी वाया गेली असती. मापाबाबत सैल राहिली म्हणून सी सगळीकडे गेली. ज्या सैलपणाने मला फसवलं, त्याच सैलपणामुळे पुण्याचा प्रोग्राम कारखान्यातल्या यंत्रावर मुळात चालू शकला होता.

वचन किती, घेतलं किती

सैल याचा अर्थ बेभरवशाची असा नाही. अमेरिकेत १९८९ साली सीचं अधिकृत प्रमाणक तयार झालं, पुढच्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय झालं. त्यात इंटचं नेमकं माप दिलेलं नाही. किमान माप दिलं आहे. इंटमध्ये निदान −३२,७६७ ते ३२,७६७ एवढ्या संख्या मावतील. ‘लाँग’ या मोठ्या भावंडात निदान दोनशे चौदा कोटींपर्यंतच्या मावतील. त्याहून जास्त मावल्या तर ते तुमचं नशीब, तुमचा हक्क नव्हे.

मर्यादा ओलांडली तर काय होईल, यावर तर प्रमाणकाने हातच झटकले आहेत. उणे-अधिक चिन्ह असलेला पूर्णांक उतू गेला, तर पुढे काय घडावं यावर भाषेचं कोणतंही बंधन नाही. माझ्या यंत्रावर तो गोल फिरला. सगळीकडे फिरेलच असं नाही. आजचे हुशार कंपायलर याच्याही पुढे जातात : ‘असं उतू जाणं घडणारच नाही’ असं गृहीत धरून ते कधीकधी आपण घातलेली तपासणीच निरर्थक ठरवून गाळून टाकतात.

त्या रात्री मी प्रमाणकाचं पुस्तक वाचलं असतं, तर मला दिसलं असतं, की भाषेने मला ३२,७६७चं वचन दिलं होतं आणि मी अडुसष्ट हजार घेऊन बसलो होतो.

दुरुस्तीसुद्धा पहिल्या फटक्यात जमली नाही. बेरजा ‘लाँग’मध्ये ठेवल्या आणि उसाची बिलं सुधारली. पण गोदामाच्या हिशेबात शंभर किलोच्या ४०० पोत्यांचं वजन −२५,५३६ किलो आलं. उत्तर ठेवायला मी मोठं भांडं घेतलं होतं, पण ४०० आणि १०० हे दोन्ही इंट असल्यामुळे गुणाकार लहान भांड्यातच झाला, तिथेच उतू गेला, आणि उरलेलं मोठ्या भांड्यात ओतलं गेलं. भांड्याचं माप हिशेब सुरू करण्याआधी बदलावं लागतं, हा धडा मला उसाने नाही, साखरेने शिकवला.

एकाच यंत्रावर दोन लाँग

बत्तीस बिटांची यंत्रं स्वस्त झाली आणि सगळ्यांना वाटलं, मापाचा प्रश्न मिटला. १९७७ साली बाजारात आलेल्या वॅक्स या यंत्रावर इंट, लाँग आणि मेमरीतल्या जागेचा पत्ता, तिन्ही बत्तीस बिटांचे होते. त्यामुळे पत्ता इंटमध्ये ठेवायचा, लाँगच्या जागी इंट वापरायचा, अशा सवयी रुळल्या. सगळं जग म्हणजे वॅक्सच, अशी समजूत करून घेतलेल्या प्रोग्रामरांची थट्टा आमच्या धंद्यात खूप वर्षं चालली.

१९९०च्या दशकात चौसष्ट बिटांची यंत्रं आली आणि ही उधारी चुकवायची वेळ आली. पत्ता चौसष्ट बिटांचा झाला. इंटमध्ये ठेवलेला पत्ता अर्धा कापला जाऊ लागला. आता कोणाला वाढवायचं आणि कोणाला तसंच ठेवायचं, यावर दोन घराणी झाली. युनिक्सच्या घराण्याने, आणि त्यामागोमाग लिनक्सने, इंट बत्तीसचा ठेवून लाँग चौसष्टचा केला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने लाँगसुद्धा बत्तीसचाच ठेवला, कारण लाँग बत्तीसचा आहे हे धरून लिहिलेला अफाट मजकूर आणि फायलींची ठरलेली रचना मोडून चालणार नव्हती. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत, आणि दोन्ही आजतागायत टिकून आहेत. आपल्या मांडीवरच्या एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर प्रोसेसर तोच, भाषा तीच, पण एका बाजूचा लाँग चार बाइटांचा आणि दुसऱ्या बाजूचा आठ. एकीकडे लाँग जसाच्या तसा फायलीत उतरवला आणि दुसरीकडे तसाच वाचला, तर पहिल्या आकड्यापासूनच सगळं सरकतं.

१९९९च्या सुधारित प्रमाणकाने अखेर मापासकट नावं दिली : बत्तीस बिटांचा पूर्णांक, चौसष्ट बिटांचा पूर्णांक, पत्ता मावेल असा पूर्णांक. नावातच आकडा. लिनक्सच्या गाभ्यात अशी मापाची नावं सर्रास वापरली जातात. १९९५ साली आलेल्या जावाने तर इंट म्हणजे बत्तीसच असं पहिल्या दिवसापासून बांधून टाकलं. रस्ट या अलीकडच्या भाषेत पूर्णांकाच्या बहुतेक प्रकारांच्या नावात बिटांची संख्याच असते. हा आमच्या धंद्यातला मेट्रिक कायदा म्हणायला हरकत नाही.

पण सीने जुनी सैल नावं रद्द केली नाहीत, आणि तेही उगाच नाही. स्वस्तातल्या लहान उपकरणांत आजही आठ बिटांचे नियंत्रक असतात. तिथे बत्तीस बिटांची एक बेरीज करायला यंत्राला किमान चार पावलं टाकावी लागतात. जिथे दहापर्यंतच मोजायचं आहे, तिथे खंडीचं माप कशाला?

माप लिहूनही

इथवर वाचून वाटेल, की माप स्पष्ट लिहिलं म्हणजे झालं. मलाही तसंच वाटत होतं. मग ४ जून १९९६ उजाडला.

त्या दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान-५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा झेपावलं. साधारण ३७ सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी यंत्रणा कोलमडली. क्षणात रॉकेट वाकडं वळलं, तुटू लागलं आणि त्याने ठरल्याप्रमाणे स्वतःला उडवून दिलं. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाच्या अभ्यासासाठी बनवलेले ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह त्याबरोबर गेले. गणितज्ञ झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने महिनाभरातच कारण शोधलं. आडव्या वेगाशी निगडित एक मूल्य चौसष्ट बिटांच्या दशांश रूपात होतं. ते सोळा बिटांच्या पूर्णांकात भरताना मावलं नाही. राखीव संगणक आधी बंद पडला आणि त्याच कारणाने क्षणार्धात मुख्य संगणकही, कारण दोन्हींत एकच प्रोग्राम होता.

हा प्रोग्राम सीमध्ये नव्हता. तो एडा या काटेकोर भाषेत होता. माप सैल नव्हतं, स्पष्ट सोळा बिटांचं होतं. तो आधीच्या एरियान-४वर वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. धोका असलेली अशी सात मूल्यं तेव्हा शोधून काढली होती. संगणकावर भार फार पडू नये म्हणून त्यांतल्या चारांनाच कुंपण घातलं आणि तीन मोकळी सोडली, कारण एरियान-४च्या वेगाला ती मर्यादा ओलांडणारच नव्हती. हा हिशेब बरोबर होता, पण तो जुन्या रॉकेटचा होता. एरियान-५ सुरुवातीलाच कितीतरी जास्त आडवा वेग घेत असे. आणखी एक बोचणारी गोष्ट म्हणजे ज्या कामात ही चूक झाली, त्या कामाचा एरियान-५ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. ते जुन्या सवयीने चालू राहिलं होतं.

समितीच्या निष्कर्षांची बातमी वाचताना मला चार वजनपावत्या आठवल्या. मी यंत्र बदललं आणि माप तपासलं नाही. त्यांनी रॉकेट बदललं आणि मापामागचं कारण तपासलं नाही. प्रोग्राम नव्या जागी नेताना त्याच्यासोबत त्याची गृहीतकंही जातात, पण ती मजकुरात दिसत नाहीत. ‘सोळा बिट’ एवढं लिहून भागत नाही. ‘सोळा पुरतात, कारण अमुक यंत्राचा वेग अमुकपेक्षा जास्त जात नाही’, हे लिहावं लागतं. पायली कुठली हे आजी विचारायचीच, पण घरात माणसं किती हेही तिला माहीत असायचं.

सकाळी आठ चव्वेचाळीसला

आता थोडं पुढचं. युनिक्समध्ये वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० या दिवशी ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, अशी. हा आकडा दीर्घकाळ बत्तीस बिटांत ठेवला गेला. २,१४,७४,८३,६४७वा सेकंद येतो मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं आणि सात सेकंद झालेले असतील. पुढच्याच सेकंदाला बत्तीस बिटांच्या घड्याळाला वाटेल, की आपण डिसेंबर १९०१मध्ये आहोत.

हे घड्याळ ठरवणारे अदूरदर्शी होते म्हणावं, तर तेही खरं नाही. १९७१च्या पहिल्या युनिक्समध्ये वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जाई. त्या हिशेबाने बत्तीस बिट जेमतेम सव्वादोन वर्षं पुरले असते. सेकंदात मोजायला लागल्यावर अडुसष्ट वर्षं मिळाली. आपण लिहिलेलं पन्नास वर्षं टिकेल, असं तेव्हा कोणाला वाटलं असेल?

दुरुस्ती सुरू आहे. ओपनबीएसडीने २०१४ साली सगळीकडे चौसष्ट बिटांची वेळ स्वीकारली. लिनक्सच्या गाभ्यात बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी ही सोय २०२०मध्ये पुरी झाली. चौसष्ट बिटांत सेकंद मोजले तर सुमारे २९२ अब्ज वर्षं पुरतात. पुढची चिंता करायला सूर्यही नसेल. प्रश्न आहे तो भिंतीत, मीटरमध्ये, कारखान्यांच्या पॅनेलमध्ये बसवून विसरलेल्या लहान संगणकांचा, आणि जुन्या फायलींत चार बाइटांत बांधलेल्या तारखांचा. २०३८ दूर आहे असंही नाही. २०१८च्या जानेवारीनंतर ज्यांनी वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं, त्यांचा शेवटचा हप्ता त्या सकाळच्या पलीकडे पडतो.

हीच संख्या इतरत्रही दबा धरून असते. रकमा पैशांत मोजून बत्तीस बिटांत ठेवणारा हिशेब २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर संपतो. पतसंस्थेच्या एका दिवसाच्या उलाढालीलाही हे अपुरं पडू शकतं. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारं घड्याळ तेवढ्याच, म्हणजे २,१४,७४,८३६ सेकंदांवर संपतं, म्हणजे साधारण २४८ दिवसांवर. २०१५ साली अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत एक आदेश काढला : सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिला, तर जनित्रांच्या नियंत्रकांमधला गणक उतू जाऊन विमानाची वीज जाऊ शकते, तेव्हा त्याआधी ती बंद करून पुन्हा चालू करा. आदेशात बिटांची संख्या नव्हती, पण २४८ हा आकडा वाचूनच आमच्यासारख्यांना अंदाज आला. आणि आपला दहा आकडी मोबाईल क्रमांक? तो सहापासून नऊपर्यंतच्या अंकाने सुरू होतो, म्हणजे संख्या म्हणून सहाशे कोटींच्या पुढचा. बत्तीस बिटांची, चिन्ह नसलेली मर्यादासुद्धा ४,२९,४९,६७,२९५. भारतातला एकही मोबाईल क्रमांक तीत मावत नाही, तरी तो तसा ठेवू पाहणारा नवा मुलगा मला दर एक-दोन वर्षांनी भेटतोच.

पावत्या

दुरुस्त बिल घेऊन मी स्वतः त्या आजोबांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी बिल पाहिलं, घडी केली आणि मला गुळाचा चहा दिला. चूक कशी झाली ते मी त्यांना समजावू लागलो : संगणकातली सोळा घरं, बत्तीस हजारांची मर्यादा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग भरलं तवा बोलला का न्हाई त्यो?”

तीस वर्षांत मला या विषयावर इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. भांडं भरल्यावर सांडणं हा भांड्याचा दोष नाही. सांडलेलं कोणाला कळू नये, हा दोष आहे, आणि तो यंत्राचा नसून आमचा आहे. एरियानच्या संगणकांना उलट न मावल्याचं कळलं होतं. पण कळल्यावर काय करायचं, तर बंद पडायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

आमच्याकडे नवीन येणाऱ्यांचा मजकूर तपासताना प्रत्येक पूर्णांकापाशी मी तीन गोष्टी विचारतो. ही संख्या जास्तीत जास्त केवढी होईल? तेवढीच होईल हे कशावरून, आणि ते कुठे लिहिलं आहे? त्याहून मोठी झाली, तर कोणाला, कसं कळेल? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना येतं. दुसऱ्याला ते थोडे अडखळतात. तिसऱ्याला बराच वेळ शांतता असते. मग मी त्यांना त्या बिलाची झेरॉक्स दाखवतो. चार खेपा, चारही बरोबर. आणि खाली छापलेली बेरीज २,८८०. समास सोडून पेन्सिलीने, जरा थरथरत्या अक्षरात, खरी बेरीज मांडलेली आहे. ती त्या आजोबांनी घरी, दिव्याखाली बसून केली होती.